बोअरचं जड पाणी

३ मे १९८४, सौंसर
लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. कधी जामसांवलीला भटकलो, कधी बसस्टँडवर चहा पीत बसलो. पण काम झकास लागलं. मोहगाव रस्त्याला संत्र्याच्या बागेत विनायकराव पाणी तपासतात, मी त्यांचा मदतनीस, दहावी नापास का असेना. स्वयंपाकाला केसरबाई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, गुणवंता, पांढुर्ण्याचे पोट्टे जेवाले दोघांएवढे अन् कामाले अर्धे.

६ मे
पाणी तपासायचं यंत्र थोडंसं समजलं. विनायकराव म्हणतात, अणूच्या मधोमध केंद्र, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. नाव ठरतं प्रोटॉनवरून. न्यूट्रॉन एखादा जास्त असला तरी नाव तेच, वागणं जवळपास तेच, फक्त वजन वाढतं. याला समस्थानिक म्हणायचं. पाण्यातला हायड्रोजन काढून नळीत सोडायचा, त्याचा इलेक्ट्रॉन उडवायचा आणि चुंबकाजवळून पळवायचा. हलका झटकन वळतो, जड लांबून वळतो. कोण कुठे पडला त्यावरून वजन कळतं, पेन कागदावर शिखर काढतं. मी म्हटलं, कापसानं भरलेली बैलबंडी वळणावर अशीच बाहेर जाते. ते खूप हसले.

९ मे
नव्या बोअरच्या पाण्याचं जड शिखर कागदाबाहेर गेलं. असं पाणी जमिनीत नसतंच, विनायकराव म्हणाले. उरलेलं फेकायला सांगितलं. पण विहीर आटलेली, मे महिन्यात नितळ पाणी कोण फेकतं? मी माठात ओतलं. तिघंही पिऊन राहिलो. गोड आहे.

१२ मे
केसरबाई चौकटीला आपटल्या. म्हणे, पाय वळूनच नाही राहिले. सारवलेल्या ओट्यावर त्यांची पावलं खोल रुतलेली.
मग बागेच्या टोकाला केसरबाई दिसल्या. तेच लुगडं. मागे धुळीत पाऊल नाही. आत केसरबाई भाकरी थापत होत्या.

१४ मे
बागेतल्या केसरबाई आज स्वयंपाकघरात शिरल्या. दोघींतली एकही बाहेर आली नाही. आत पाहिलं तर कोणीच नाही, तव्यावर भाकरी जळत होती.
विनायकरावांना माठाचं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, पाण्यानं आपल्याला वेगळं केलं रे, जड इथे, हलका तिकडे. हलका जागा मागायला येतो, आणि गाठ पडली की दोघंही —
ते स्वतः बोलताना भिंतीला धडकले.

१५ मे
यंत्राच्या खोलीत फक्त विनायकरावांचा चष्मा.
मला जायचं आहे. पांढुर्ण्याला, आईकडे. फाटकापर्यंत जातो, पण वळता येत नाही. सरळ कुंपणात — पुन्हा — पुन्हा —

१६ मे
दार लावलं. कपाट आडवं टाकलं. अंगाखालची खाट मोडली.
माळी चिंधू खिडकीशी आला. तो घरून सुरई आणतो, माठाचं पीत नाही. त्याला म्हटलं, मले ओढून ने, भाऊ. हातभर हलवू शकला नाही. म्हणाला, बैल आणतो.

१७ मे
बैल नाही. चिंधू हसत ओरडून राहिला, की गुणवंता, मस्करी करतो का बे, आत्ता तर तू बसमधून उतरला, मीच तुले फाटक उघडून —
सांगितलं, त्याला आत नको —
खिडकीत —