सिसिलीतली भंगार भिंत

१० ऑक्टो., शुक्र. चँडलर (घरी)
ऑफिसातून लवकर सटकले. बॅग भरली: हार्नेस, बूट, घोट्याचा पट्टा. नवरोबा मिलिंद दारात उभा. "पन्नाशीनंतर लोक इटलीला पास्ता खायला जातात गं." मी चेन ओढली. त्याचंही बरोबर आहे. गेल्या वर्षी क्लाइंबिंग जिममध्ये पडले तेव्हा इमर्जन्सीत त्यानेच नेलं. घोट्यात अजून प्लेट आहे. तेव्हापासून चढते, पण दोर वरून बांधलेला असेल तरच. दोर स्वतः खालून वर नेत, भिंतीत ठोकलेल्या बोल्टमध्ये अडकवत चढायचं, म्हणजे लीड, ते बंदच. भीतीच बसलीय. इराला हे बोलले नाहीये. लेकीने एवढ्या हौसेने ट्रिप ठरवली...

१२ ऑक्टो. सिसिली
इरा बॉस्टनहून थेट आली. दोराची पिशवी पाठीवर, फोन हातात. तेच फोटो पुन्हा पुन्हा: निळा समुद्र, केशरी कडा. "आई, जस्ट वेट!" किती खूश आहे पोरगी.

१३ ऑक्टो.
भंगार! फोटोतला कडा दरड कोसळून बंद. जाळी, पाटी, कुलूप. उरली शेजारची बुटकी भिंत, हायवेला चिकटून. पायथ्याशी टायर, काचा, एक फुटकं कमोड. समुद्र आहे, सिमेंटच्या कारखान्यामागे. कातळ झिजून इतका गुळगुळीत की बाथरूमची फरशी बरी. बहुतेक बोल्ट गंजके. एकाच वाटेचे नवे.
इरा दगडावर बसली आणि रडायलाच लागली. "सॉरी आई, आय रुइन्ड इट."
मला मात्र कमोड बघून हसू फुटलं. आवरेना. मग तीही हसली, नाक पुसत. आणि काय झालं कोण जाणे, बोलून गेले, "ही मी लीड करते."
मग सगळं सांगितलं. पडल्यापासून एकदाही केलं नाही, भीती वाटते, वगैरे. तिने ऐकलं. फोन दगडावर टेकवून व्हिडिओ चालू केला, माझी गाठ तपासली, परत तपासली. म्हणाली, "ओके. आय हॅव यू."
वरच्या बोल्टपाशी पोचते न पोचते तोच पाय सटकला. पडले. एक किंकाळी (माझीच). दोर ताणला आणि मी हवेत लटकले. खालून इरा, "आई? यू ओके?"
घोटा हलवून बघितला. धड.
ज्याला इतके दिवस घाबरले ते हे? एवढंच?
श्वास घेतला, चढले. भिंतीच्या माथ्यावरच्या साखळीत दोर अडकवला आणि अशी ओरडले की खालच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

१४ ऑक्टो.
इरा: दोन तासांवर चांगली जागा आहे, जाऊ या. मी: नाही, तिथेच. काल दोरावर लटकले होते, तशी चढाई मोजत नाहीत. आज न पडता, दोरावर न टेकता, सरळ वर! काल सटकलेल्या जागीही पाय टिकला. इराने आजही फोन दगडावर टेकवून व्हिडिओ काढला, त्यात तिचंच ओरडणं जास्त. खाली आल्यावर घट्ट मिठी. "दॅट्स माय मॉम," कुणाला सांगत होती? तिथे चिटपाखरू नव्हतं.
जेवायला भाताचे तळलेले गोळे. चार खाल्ले. मिलिंदसाठी पास्त्याचा फोटो काढायचा राहिला.

१८ ऑक्टो., शनि. चँडलर
घोटा किंचित सुजलाय. मिलिंदला दिसलाच. व्हिडिओ दाखवला. पडतानाचाही दाखवला, लपवला नाही. पडताना बघून त्याने डोळे मिटले. नंतरचा मात्र तीनदा लावला. चहा गार.
फोन खाली ठेवला. मग, "खाली दोर धरायला शिकायला किती दिवस लागतात?"
"का?"
"इरा दर वेळी थोडीच असणार आहे."
बघते म्हटलं. अजून 'हो' म्हटलेलं नाही. इराच्या हातात दोर असताना पडले ते एक. मिलिंदच्या हातात... तो तर मी शिडीवर चढले तरी डोळे मिटतो. उद्या सकाळी जिमला निघताना त्याला हाक मारू का नको, ठरत नाहीये.