होडीच्या उजव्या अंगाचे ओरखडे

मुरबे, १२ जुलै

ती. प्रीतमदादास सुलूचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल, पण माझं मन थाऱ्यावर नाही. फोन करावा तर बाबा ओटीवर कान देऊन बसलेले. म्हणून ही चिठ्ठी जयवंतीमावशीबरोबर बोईसरच्या बाजारात पाठवतेय. सुक्या बोंबलांचा वास आला तर नाक मुरडू नकोस, शहरी झालास तरी.

आपल्या फायबरच्या होडीला उजव्या अंगाला हातभर ओरखडे पडलेत. बाबा म्हणतात, वाळूत ओढताना घासली, काय नाय झाला. जाळं फाटलं तरी आठवडाभर बडबडणारा माणूस एवढं बोलून गप्प बसलाय. नारळी पुनव झाली की ते एकटेच होडी काढणार. मला भीती वाटते. तू कारखान्यात दिवसभर फायबरच घासतोस, काय करू ते लिही.

माया असू दे.
तुझी सुलू

बोईसर, १५ जुलै

चि. सुलूस अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, नखाएवढा पातळ. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश कागद, पाठवतोय. आधी सहाशे नंबर, मग आठशे, हजार, दीड हजार. बादलीत पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण टाक, कागद रबराच्या ठोकळ्याला गुंडाळ आणि सारखं पाणी मारत हलक्या हाताने घास. पाटा घासल्यासारखा जोर लावू नकोस, तुझा हात मला ठाऊक आहे. मग शेवटी पॉलिश. घाई नको, चार-पाच दिवस लागतील.

बाबांना नमस्कार सांग, चिठ्ठीचं मात्र सांगू नकोस.
तुझा दादा

मुरबे, १९ जुलै

ती. दादास सा. न.

काम फत्ते! सहाशे आणि आठशे नंबर झाले, तेवढ्यात बाबांनी ठोकळाच काढून घेतला. म्हणाले, आता मी बघतो. आज सकाळी पाहते तर होडी तुकतुकीत, एक रेघ दिसत नाही. पुनवेला नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, लावायचं खोबरेलही त्यांनी आताच सबंध उजव्या अंगाला चोळलंय. हौस बघ म्हाताऱ्याची! उगीच तुझ्या जिवाला घोर लावला.

राग नसावा, लोभ असावा.
सुलू

बोईसर, २१ जुलै

चि. सुलूस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातला घास खाली ठेवला. आठशेनंतर होडी मळकट, निस्तेज दिसायला हवी; हजार, दीड हजार आणि पॉलिश एवढ्या लवकर होत नाही. ती चमकतेय ती तेलाने. तेल ओरखड्यात भरलं की ओरखडा दिसत नाही, पण जात नाही.

आजच्या आज साबणाने धू, फडक्याने पूस आणि थांब. सगळं सुकल्यावरही एखादी रेघ ओली, काळी राहिली तर तो ओरखडा नाही, तडा आहे. मग कागद लावू नकोस आणि होडी पाण्यात जाऊ देऊ नकोस. वाटल्यास वल्ही लपव, पण बाबांना अडव. माझा जीव टांगणीला लागलाय, लगेच कळव.

दादा

मुरबे, २४ जुलै

चि. प्रीतमला बाबाचे आशीर्वाद.

सुलूने होडी धुतली. रेघ ओलीच राहिली. पोरगी होडीपुढे बसून हाय. तुझ्या चिठ्ठ्या तिने माझ्यापुढे टाकल्या, म्हणून मीच लिहितो. ओळी वर-खाली झाल्या तर समजून घे.

तडा मला पहिल्या दिवशीच बोटाला लागला होता. वाळूचं खोटं सांगितलं. मे महिन्यात भर दुपारी डोलीचं जाळं बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटावर होडी घातली. चाळीस वर्षं तो खुंट तिथेच हाय. मला तो दिसलाच नाय. उजव्या डोळ्यापुढे वर्षभर धुकं हाय. कुणाला सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. म्हणून तेल चोळलं.

सामान घेऊन ये. तडा तू बुजवशील, होडी पयल्यासारखी होईल. तेव्हा मी सुकाण मागेन, भांडेन, शिव्याही देईन. देऊ नको.

बाबा