तीन वर्षांची सवड

टूसॉन,
२ मे १९८१

ती. वांडाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या बेकरीतला काळा पाव पोचला. आयरीन म्हणते, पोस्टात त्याचा दगड झालाय. मी म्हणतो, आमच्या ताईचा पाव असाच असतो, आणि कॉफीत बुडवून खातो. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. दोन वाक्यांत मला दम लागतो आणि तिसऱ्याला तू रडायला लागतेस. पत्रात मला थांबत थांबत बोलता येतं.

बातमी तुला कळलीच असेल, तरी मला लिहू दे. डेल हॉबर्ट आपला झाला! फुटबॉलच्या गेल्या मोसमात आपल्या गावचे ग्लेझियर्स हरत हरत पार खाली गेले, त्याचं हे फळ. देशभरच्या कॉलेजांतली पोरं निवडताना जो संघ जितका खाली, तितका त्याचा हात आधी. आपला नंबर दुसरा लागला. आणि आपण उचलला क्वार्टरबॅक! नेब्रास्काचा पोरगा आहे, बावीस वर्षांचा. म्हणतात, अर्ध्या मैदानावरून चेंडू नेमका हातात आणून ठेवतो. सगळा खेळ ज्याच्या हातावर चालतो असा माणूस आपल्याला कधी मिळालाच नव्हता गं. बाबा वाट बघत गेले.

डॉक्टर काय म्हणाले ते आयरीननं तुला गुपचूप कळवलंय, हे मला ठाऊक आहे. काचेच्या भट्टीवरची धूळ छातीत बसलीय. येता हिवाळा निघेल म्हणाले, आणि पुढे विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागले. तर माझं एकच मागणं आहे. डिसेंबरात टोलेडोतल्या शेवटच्या सामन्याला मी येणार. बाबांच्या खुर्चीत बसून आपल्या पोरांना आपल्या मैदानावर एकदा जिंकताना बघणार. मग न्यायचं तिथे नेऊ देत. तोवर माझी खुर्ची कुणालाही देऊ नकोस, पाद्रीबाबांनी मागितली तरी.

आयरीनचा नमस्कार. लोभ आहेच, त्यात या वर्षी थोडी भर घाल.

तुझा,
लिओ

टोलेडो,
२१ सप्टेंबर १९८१

चि. लिओस,
अनेक आशीर्वाद.

पाद्रीबाबांनी खरंच मागितली! मी सांगितलं की तिथे लिओ बसतो. खोटं नाही बोलले. बाबांची लाल लोकरीची टोपी मी तुझ्या खुर्चीवर ठेवते आणि तिच्या शेजारी बसते. आपल्या जागा आहेत तशाच आहेत, खेळाडूंच्या बाकाच्या अगदी पाठीमागे, मध्ये कमरेएवढी भिंत.

आता सामन्याचं. स्कोअर तू वाचलाच असशील, मी बघितलेलं सांगते. तुझ्या हॉबर्टनं तीनदा चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात दिला. चौथ्यांदा तो स्वतःच्याच माणसाच्या पायात अडकून पडला. उठला, हेल्मेटमधलं गवत काढलं आणि पुन्हा पडला. पार्किंगमध्ये शेगडी मांडून सॉसेज भाजणारा स्टॅश विटकोव्स्की तुला आठवत असेल. तो म्हणाला, निवड करणाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून बोट ठेवलं असणार, आणि तेही चुकीच्या पानावर. सगळे हसले. मीही हसले, पण मग मला तुझी आठवण आली.

पोरगा वाईट नाही रे, घाबरलाय. वर्तमानपत्रवाले म्हणतात, त्याला तीन वर्षं द्या, मग बघा. तू हातपाय गाळू नकोस. औषधं वेळेवर घे आणि आयरीनवर ओरडू नकोस, बायको आहे ती, नर्स नव्हे.

दोघांवर माया आहे, ती जपून वापरा.

तुझी,
वांडा

टूसॉन,
१९ ऑक्टोबर १९८१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा सामने हरले. सहा! या वाळवंटात ग्लेझियर्सचं नावही कुणाला माहीत नाही, तरी मला मान खाली घालून फिरावंसं वाटतं.

तुझं ते घाबरलाय वगैरे माझ्यापुढे नको. तू बेकरीत उपाशी कुत्र्यालाही गिऱ्हाईक समजतेस. भट्टीवर पहिल्या दिवशी मीही घाबरलो होतो, म्हणून काय मी वितळलेली काच लोकांच्या अंगावर ओतली? त्याला राजासारखा पगार आहे, सगळं गाव त्याच्यासाठी थंडीत कुडकुडतंय, आणि या महाराजांना चेंडू कुणाला द्यायचा ते कळत नाही.

आणि तीन वर्षं द्या म्हणे. जो उठतो तो हेच सांगतो. इथला औषधाच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा म्हणाला, आजोबा, सबुरी धरा, तीन वर्षांनी हाच पोरगा तुम्हाला चषक आणून देईल. मी त्याच्याकडून श्वासाच्या नळीची पिशवी घेतली आणि बाहेर आलो. ताई, मी कुठून आणू तीन वर्षं? दुसऱ्या कुणाकडे असतील, त्यांनी द्यावी. मला मिळालेला एकुलता एक मोसम हा माणूस मातीत घालतोय. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडत पडतो.

एवढं लिहूनही दम लागला बघ. लोभाचं काय ते तू समजून घे.

लिओ

टोलेडो,
२३ नोव्हेंबर १९८१

चि. लिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उशिरा लिहितेय. तू म्हणतोस ते सगळं खरं आहे.

इथे आता नवीन खूळ निघालंय. किराणा दुकानातल्या खाकी कागदी पिशवीला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडायची आणि सामनाभर ती डोक्यावर ओढून बसायचं. या संघाचे म्हणवून घ्यायला आम्हाला लाज वाटते, असं त्यातून सांगायचं. स्टॅशनं आमच्या रांगेत पिशव्या वाटल्या. आमच्या पाठीमागे आता माणसं दिसतच नाहीत, नुसत्या पिशव्या ओरडतात. मी घातली नाही. स्टॅश मला म्हणाला की वांडाबाई, तुम्ही बहुतेक त्याच्या मावशी लागता.

हॉबर्ट आता अर्धा वेळ बाकावरच असतो. काहीही ऐकू आलं तरी मागे वळायचं नाही, असं प्रशिक्षकानं बजावलंय म्हणे. तो वळत नाही. पण मी एवढ्या जवळ बसते की त्याची मान लाल झालेली मला दिसते.

लिओ, तू येऊ नकोस. इथे तळ्यावरून वारा सुटलाय, धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो. मी तुला सगळं लिहून कळवीन. हट्ट सोड, आणि माझ्यावरचा लोभ सोडू नकोस.

तुझी,
वांडा

टूसॉन,
७ डिसेंबर १९८१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतोय. तिकीट काढलं. आयरीन बोलत नाही माझ्याशी, त्यामुळे घरात शांतता आहे.

इथल्या दुकानातून मी कागदी पिशवी आणलीय आणि भोकं स्वतः पाडलीयत, चांगली गोल. जिंकताना बघायचं नशिबात नसेल तर निदान त्या पोराला कळू दे की लिओ नोवाकोव्स्की अ‍ॅरिझोनाहून त्याची लाज वाटायला आलाय. बाबांची टोपी धुऊन ठेव, पिशवीखाली घालीन.

भेटीत लोभ मोजून घेईन.

लिओ

टूसॉन,
११ जानेवारी १९८२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला सुखरूप आणून पोचवलं आयरीननं. आता पलंग, नळी आणि खिडकी. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

हॉस्पिटलात मी विचारलं की तू रडायचीस आणि नर्स मला गप्प करायची. मला फक्त एवढं आठवतं की खोकला आला आणि थांबेना. मग कुणाचा तरी हात दिसला, बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली. त्या दिवशी काय झालं ते मला नीट लिही. माझी काळजी करून काही गाळू नकोस. आणि बाबांची टोपी कुठे आहे? सामानात नाही.

लोभ ठेव, पण आता खरं सांग.

लिओ

टोलेडो,
१८ जानेवारी १९८२

चि. लिओस,
अनेक आशीर्वाद.

तू मागतोस तर सांगते.

सामन्याचा शेवटचा भाग चालू होता. हॉबर्टला केव्हाच बाहेर काढून बाकावर बसवलं होतं. तू पिशवी घालून ओरडत होतास, आणि खरं सांगू, मजेत होतास. तुझे हात गार लागले म्हणून मी कॉफी आणायला वर गेले. तुला खोकला आला तो मी गेल्यावर. स्टॅश शेजारीच होता रे. पण पिशवी हलतेय, आतून आवाज येतोय, तू मुठी आपटतोयस. त्याला वाटलं, लिओ आज रंगात आलाय. त्यानं तुझ्या पाठीवर थाप मारून आणखी जोर लावायला सांगितलं. हे सांगताना तो माझ्या बेकरीत लहान पोरासारखा रडला. तुझं तोंड निळं पडलेलं कुणाला दिसणार? आमच्या रांगेत तोंडं होती कुठे?

मी कॉफी घेऊन पायऱ्या उतरत होते, तेव्हा हॉबर्ट मागे वळला. वर्षभरात एकदाही वळला नव्हता. तुझा खोकला त्याला ओरडण्यासारखा वाटला नाही, एवढंच तो मला नंतर म्हणाला. त्यानं भिंतीवरून उडी मारली, तुझ्या डोक्यावरची पिशवी फाडली, तुला आडवं केलं. मग परत उडी मारून गेला आणि खेळाडूंना दम लागला की लावतात ती प्राणवायूची टाकी बाकाखालून ओढून आणली. मुखवटा त्यानं स्वतः तुझ्या तोंडावर धरला. बोटांना पट्टी होती तो हात त्याचाच.

आणि लोकांनी काय केलं असेल? मागच्यांना वाटलं, चिडलेला हॉबर्ट प्रेक्षकाला मारायला चढलाय. सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडलं. बिअरचे पेले फेकले. तो तुझ्यावर ओणवा होता, त्यामुळे सगळी बिअर त्याच्या पाठीवर पडली. तुझ्या अंगावर थेंबही नव्हता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, हॉबर्ट प्रेक्षकांवर धावून गेला. संघानं त्याला दंड केला. मी आणि स्टॅश पेपरच्या कचेरीत जाऊन भांडलो, संघाच्या कचेरीतही गेलो. दंड गुपचूप माफ झाला म्हणे. पेपरनं खुलासा छापला, पण गोठलेल्या तळ्यावर मासे कुठे लागतायत त्या बातमीच्या खाली, दोन ओळी. कोण वाचतो?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण एक ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडतो ना, ते मी या वर्षी मांडलं आणि तिथे तोच बसलाय असं समजून जेवले. नाताळला घरच्यांनी वाटून खायच्या प्रार्थनेच्या पोळीचा तुकडा त्याला संघाच्या फाटकावर नेऊन दिला. तिथेच त्यानं तुझी चौकशी केली. टोपीचं मात्र मला माहीत नाही. गर्दीत पडली असेल. रागावू नकोस.

सामना आपण हरलो. ते तुला कुणी सांगितलं नव्हतं.

तुझ्यावर फार फार माया आहे.

वांडा

टूसॉन,
८ फेब्रुवारी १९८२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे आयरीन लिहून घेतेय, मी सांगतोय.

तुझं पत्र मी रोज वाचून घेतो. मी त्या पोराला लाज आणायला दोन हजार मैल गेलो, आणि माझा जाणारा श्वास त्यानं धरून ठेवला. मला फार वाईट वाटतं, ताई. संघाला पत्र पाठवलंय, त्याला ठेवा म्हणून. उत्तर नाही. म्हातारा कुणीतरी बरळतोय असं वाटलं असेल.

माझ्याजवळ वेळ नाही याचा राग मी त्याच्यावर काढला. तुझ्याजवळ आहे, तुझी हाडं घट्ट आहेत. तर माझ्या वतीनं त्याला तीन वर्षं दे. चुकला तरी, पडला तरी. आपल्या दोन खुर्च्यांतून त्याच्या नावानं टवाळीची शिट्टी वाजायला नको. स्टॅशलाही सांग.

टोपी जाऊ दे. बाबा समजून घेतील.

लोभ मला भरपूर मिळाला. उरलेला त्याला.

तुझा,
लिओ

टोलेडो,
२२ मार्च १९८२

प्रिय आयरीन,
सप्रेम नमस्कार.

लिओला माती देऊन तुझ्याकडून परत आले त्यालाही पंधरवडा झाला. तू जेवतेस का ते खरं कळव. रात्री घर खायला उठत असेल, तर इथे निघून ये. बेकरीच्या वरची खोली रिकामी आहे आणि पाव इथे ताजा मिळतो.

तुला एक सांगायचंय, ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात संघानं हॉबर्टला काढलं. कुठल्यातरी लांबच्या संघाला देऊन टाकलं, राखीव म्हणून. गावात लोकांनी पेले उंचावले. लिओनं मला सांगितलं होतं तीन वर्षं दे, आणि मला एक मोसमही देता आला नाही. तीन वर्षं दोघांनाही नाही मिळाली गं.

काल दुकान उघडत होते, तर दारात तो उभा. बाहेर गाडी सामानानं भरलेली. कोटाच्या खिशातून त्यानं बाबांची लाल टोपी काढली. पिशवी फाडली तेव्हा ती त्याच्या हातात आली होती आणि गडबडीत बाकावरच्या सामानात गेली, ती आता गाव सोडताना सापडली. त्यानं ती धुऊन आणली होती. म्हणाला, तुमच्या भावाची आहे, पुढच्या थंडीत लागेल.

मी सांगितलं, लिओ गेला. तो दारातच उभा राहिला. मग मी लिओचा निरोप सांगितला, तीन वर्षांचा, शब्दन् शब्द. वर्षभर अख्खं गाव अंगावर ओरडलं तेव्हा जो वळलाही नव्हता, तो पोरगा माझ्या दारात तोंड झाकून रडला. जाताना म्हणाला की ते एवढ्या लांबून आले होते, निदान तो एक सामना तरी मला जिंकता यायला हवा होता, माफ करा. मी त्याच्या हातात गरम पाव दिला आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

सप्टेंबरात मी जाईन. टोपी लिओच्या खुर्चीवर असेल. यंदा नवीन कुणी पोरगा निवडतील, तोही पडेल आणि सगळे ओरडतील. आमच्या दोन खुर्च्यांतून आवाज येणार नाही, आणि स्टॅशनंही शब्द दिलाय.

तब्येत सांभाळ. लिओच्या वाटचा लोभही आता तुझ्यावरच आहे.

तुझी,
वांडा