रोझाच्या गाडीवर आज काय नाही

४ मार्च, अर्विंग, टेक्सास
देशी ग्रोसरीमागच्या पार्किंगमध्ये रोझाची टॅकोची गाडी. तीन खाल्ले, चौथा निखिलच्या प्लेटमधला. लग्नाला बारा वर्षं झाली, नवरा अजून चिडतो. मक्याची इवलीशी भाकरी, वर चिकन, मासा, बीन्स, निवडुंग, काय वाट्टेल ते, आणि लिंबू. कंटाळा कसा तो येत नाही. आज शिगेवरचं चिकन मात्र नव्हतं. ते रोझाचा भाचा बेटो कापतो. "नो बेटो टुडे," एवढंच म्हणाली.

११ मार्च
बेटोला कामावर जाताना इमिग्रेशनवाल्यांनी उचललं. कुठे ठेवलंय, पत्ता नाही. रोझाने हे कांदा चिरता चिरता सांगितलं. मी म्हटलं, होईल सगळं ठीक. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. रांग नेहमीएवढीच होती.

१६ मार्च
रविवार असून मटणाचा टॅको नाही. तो करणारा तिचा भाऊ आता घराबाहेर पडत नाही. मासाही बंद. मीराची कुरकुर, "आई, व्हाय इज इट ओन्ली बीन्स?" पोरीवर उगाच खेकसले.
निघताना रोझाने हिरव्या चटणीचा डबा दिला. पैसे घेईना.

१९ मार्च
डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून शेंगदाण्याचे लाडू केले. गाडी दोन दिवस दिसली नव्हती, तेव्हा संध्याकाळी तिच्या घरीच गेलो. मागे एकदा पावसात तिला सोडलं होतं, दार माहीत होतं. फोन कशाला करायचा, ओळखीच्याच माणसाकडे तर जायचंय.
निखिल ऑफिसातून थेट आलेला. काळी मोठी एसयूव्ही, गळ्यात आयडी. त्याने दार ठोकलं. आतला टीव्ही बंद झाला, मग दिवा. मी हाक मारली, "रोझा, इट्स मी!" निखिलने आणखी जोरात ठोकलं. आत एक मूल रडायला लागलं आणि तोंड दाबावं तसं एकदम थांबलं.
गाडीत बसल्यावर निखिलने गळ्यातली पट्टी काढली. "अगं, त्यांना आपण कोण वाटलो असू?"


२३ मार्च
रोझाची शेजारीण म्हणाली, घर रिकामं, भांडीकुंडी तशीच. आम्हाला घाबरून पळाले, की नंतर खरंच कुणी आलं?
पार्किंगमध्ये ओळखीचे डॉक्टर काका भेटले. "दुसरी गाडी येईल गं. डॅलसमध्ये टॅकोंना काय तोटा?" त्यांचा फार राग आला. परवापर्यंत मीही हेच म्हटलं असतं.

२५ मार्च
शेवटी रोझाच्या नंबरवर फोन केला. पुरुषाचा आवाज, सफाईदार इंग्रजी. कोण बोलतंय? म्हटलं, फ्रेंड. नाव? सांगितलं. इथे आपलं नाव एका दमात कुणाला कळत नाही, म्हणून न विचारताच एकेक अक्षर सांगत सुटले. पलीकडे कीबोर्ड वाजत होता. निखिलने फोन हिसकावला तोवर आडनावही सांगून झालं होतं.
"रोझाचं विचारलंस तरी का?"
नाही विचारलं.
निखिलचा व्हिसा रिन्यूअलला टाकलाय. तो नुसता येरझाऱ्या घालतोय. मीराला आत पाठवलं. फोन पुन्हा वाजतोय. नंबर रोझाचाच आहे.