नर्सच्या दारी दुखवटा

॥ श्री ॥
जव्हार, २० ऑगस्ट २००२

चि. हर्षदा हिस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सांचं मन कशानं शिणतं, याचा तू अभ्यास करतेस हे पेपरात आलं होतं. तुझ्या दादांनी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. वर म्हणतात, लहानपणी हीच बेडकाला घाबरायची!

आता काम. आपल्या मागच्या खोलीतली सपना नर्स नागपंचमीपासून ड्युटीवर गेलेली नाही. जामसरकडच्या पाड्यावर मंगळीचं तान्हं बाळ तापानं तिच्याच मांडीवर गेलं. जीप वेळेवर मिळाली नाही, हिची काही चूक नाही. पण राजीनामा देते म्हणते. धड जेवत नाही. मी मारुतीचा अंगारा लावला, धीर धर म्हटलं, तर नुसती मान हलवते. ही गेली तर चिखल तुडवत पाड्यांवर कोण जाणार? काय करू ते कळव.

कार्डात जागा संपली, माया नाही.
तुझी वहिनी प्रतिभा

मुंबई, २३ ऑगस्ट २००२

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

बेडूक काही दादांना सोडवत नाही तर!

वहिनी, तिला धीर धर म्हणू नकोस. इतकी वर्षं मी नर्सांना एकच विचारत आले, की रुग्ण गेला त्या संध्याकाळी तुमच्याकडे कोण आलं? बहुतेकींचं उत्तर, कुणी नाही. आपल्यात मरण झालेल्या घरी शेजारीण दुखवट्याचं जेवण नेते. नर्सच्या दारी कोण जातं? तू जा. बोलायला लावू नकोस, नुसती बस. जीव नकोसा झालाय असं म्हणाली तर एकटी सोडू नकोस, लगेच फोन कर. पुढच्या रविवारी मी येतेच.

दादांना नमस्कार, तुझा हात डोक्यावर असू दे.
हर्षदा

॥ श्री ॥
जव्हार, ६ सप्टेंबर २००२

चि. हर्षदा हिस अ. उ. आशीर्वाद.

तू आलीस त्या गडबडीत सांगायचं राहिलंच. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी वरण-भात केला आणि तिच्या जोडीची कमू नर्स, तिला घेऊन सपनाकडे गेले. दुखवट्याचं आहे म्हटल्यावर ती चमकली. म्हणाली, माझं कोण गेलंय, वहिनी? मी म्हटलं, तुझ्या मांडीवर गेलं ना, मग तुझंही गेलं. मग जी रडली! रडत रडतच जेवली.

रविवारी तू दुपारभर तिचं ऐकलंस. चहा निवून गेला, पण सल्ल्याचा एक शब्द नाही. मला आपलं वाटलं होतं, एवढी मोठी डॉक्टर, गोळ्या लिहून देईल. दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबांना पटवलंस, की असं घडलं तर त्या नर्सला काही दिवस एकटीला पाठवायचं नाही. हे तूच करू जाणे. कमू मोखाड्याच्या नर्सांनाही सांगत सुटलीय, की आपली विचारपूस करायला कुणीतरी आहे.

काल ड्युटीला लागण्याआधी सपना आणि कमू मंगळीकडे गेल्या. मंगळी दार लावून घेईल, हीच सपनाला धास्ती होती. राजीनामा त्यापायीच होता म्हणे. मंगळीनं सरकून जवळ जागा केली तिला.

घरी आल्यावर राजीनाम्याचं मी मुद्दामच विचारलं नाही. तीच म्हणाली, उद्या पाड्यावर लसी द्यायच्यात, वहिनी, लवकर उठवा.

देव तुला उदंड बळ देवो. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझी वहिनी प्रतिभा