गौरवग्रंथाच्या उरलेल्या प्रती

मी, मोतीराम पुंजा विधाते, वय ७८, निवृत्त संस्कृत प्राध्यापक, राहणार गंगापूर रोड, नाशिक. आज मी पूर्ण शुद्धीवर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि कोणाच्याही दडपणाखाली नाही. हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अंमलबजावणी मुलगी दीपमाला हिने करावी.

१. राहता फ्लॅट मुलगा महेश याला द्यावा. वकिलांनी मसुद्यात त्याला 'स्वकष्टार्जित' म्हटले होते. तो शब्द मी खोडला आहे. कारण पुढे येईल.

२. पुस्तके व कपाटे दीपमालाला. तिला नको असतील ती तिने वाचनालयाला द्यावीत. महेशला विचारू नये, तो रद्दीत घालील.

३. माझ्या पंच्याहत्तरीला, २००३ साली, महेशने पुढाकार घेऊन माझा गौरवग्रंथ काढला. त्याच्या उरलेल्या प्रती माळ्यावर पडून आहेत. त्या कोणालाही वाटू नयेत, लगद्याला द्याव्यात. का, ते सांगतो.

माझी थोरली बहीण कुसाबाई, नवऱ्याने टाकल्यावर मखमलाबादच्या मळ्यात परत आली. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. तिने झेंडू लावला, माळा ओवून फुलबाजारात विकल्या आणि मला एम.ए.पर्यंत शिकवले. प्रकाशनाच्या दिवशी तिला शेवटच्या रांगेत बसवले होते. मी भाषणात 'ग्रंथ' या शब्दाची फोड करत होतो. लोक जाडजूड, विद्वत्तेच्या पुस्तकाला ग्रंथ म्हणतात. पण मूळ धातूचा अर्थ ओवणे, बांधणे. पूर्वी ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी ओवत आणि गाठ मारत. ग्रंथी म्हणजे गाठ, तीही त्याच घरातली. जाडी नंतर आली, आधी दोरी.

इतक्यात मागून अक्काचा आवाज आला, "आता गं बया! मंग मी तर रोजच ग्रंथ करते की रं, मोती!"

सभागृह हसले. महेशने डोळ्याने खूण केली आणि एका स्वयंसेवकाने तिला चहाच्या निमित्ताने बाहेर नेले. मी ते पाहिले. घोटभर पाणी प्यालो आणि पुढचा मुद्दा घेतला.

दुसऱ्या दिवशी एक प्रत घेऊन मळ्यात गेलो. तिने पदराला हात पुसून ती मांडीवर घेतली.

"लय जड हाय. यात मी कुठं हाय?"

मी पाने उलटू लागलो. माझ्या बालपणावरच्या लेखात 'प्रतिकूल परिस्थितीशी एकाकी झुंज' असे छापले होते. तो मजकूर छपाईआधी माझ्याकडे आला होता. मी फक्त फोटो पाहून परत पाठवला होता. ती समोर बसलेली, म्हणून मी सापडेल असे दाखवत पाने उलटतच राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ऊन झालंय, जेवून जा." जेवलो. मान वर करता आली नाही.

४. मखमलाबादचा मळा कुसाबाईला पूर्ण मालकी हक्काने द्यावा. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझे एकट्याचे नाव लागले आणि मी ते तसेच राहू दिले. महेशने हरकत घेतल्यास फ्लॅटही दीपमालाला जाईल.

५. गेल्या आठवड्यात हे सांगायला मी अक्काकडे गेलो. ती भाजी निवडत होती.

"मला आता मळा काय करायचाय? महेशला येवढं सांग, बाजारात दिसले तर गाडी नको थांबवू म्हणावं. पण तोंड तरी फिरवू नको."

महेश असे करतो हे मला माहीत नव्हते. कोणाकडून शिकला, ते माहीत आहे.

म्हणून लिहितो. महेश, आत्या दिसली की थांबायचे आणि चारचौघांत 'आत्या' म्हणून हाक मारायची. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. तरी ती खोडू नये.

सही: मोतीराम पुंजा विधाते

त्यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली:
कारभारी सखाराम थेटे, शेजारी
रोहित अशोक जेजुरकर, वकिलांचे सहायक

नाशिक, १४ डिसेंबर २००६