माझ्या वतीने

सोमवार, २ डिसेंबर २०२४

आलो एकदाचे! चंदीगडच्या मनीमाजऱ्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गच्चीत भरपूर ऊन, आणि खाली घरमालकीण बलजीत आंटींचं पाळणाघर. म्हणजे जाईची सोय जिन्याच्या टोकाशीच झाली. शिशिरची बदली लेहला. तिथल्या थंडीत पाच वर्षांची पोर न्यायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आता इथे जाईला मी आणि मला जाई. आंटींनी पहिल्याच दिवशी सरसोंचं साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, आणि मक्याची रोटी पाठवली, वर लोण्याचा गोळा. जाईने लोणी तेवढं चाटून खाल्लं.

ऑफिस मोहालीत. इस्पितळांचे कागद साठवून क्षणात शोधून देणारी यंत्रणा आम्ही सांभाळतो. बऱ्याच मशीन मिळून एकत्र कुटुंबासारखं काम करतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला कुठली खोली उघडायची, हे बघणं माझं काम. थोडक्यात, संशय घेण्याचा पगार. शिशिर म्हणतो, लग्नानंतर हेच तू फुकटात करत होतीस. बॉस हरलीन मॅडम शिस्तीच्या आहेत. शेजारच्या टेबलावर वर्ध्याचा निशांत बसतो. मराठी कानावर पडताच गड्याने मला दोनदा चहा पाजला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

बुधवारी जाई तापली. इस्पितळात नेलं, औषध मिळालं, ताप उतरला. तिचे कागद आमच्याच यंत्रणेत येऊन पडले, ते पाहून गंमत वाटली.

आज मात्र डोकं उठलं. त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांना स्वतःच्या पेशंटचे कागद दिसेनात. आमच्या धंद्यात नकार दोन प्रकारचे. पहिला: तू कोण ते कळलं, पण तुला परवानगी नाही. दुसरा: तू कोण तेच कळत नाही. इथे पहिला होता. डॉक्टरांच्या वतीने शोध घेणारं एक खातं आहे. ते कुणा माणसाचं नाही, यंत्राचंच आहे. त्याला दुसऱ्याच्या नावाने वावरायची परवानगी द्यावी लागते, आणि त्यासाठी एकेका डॉक्टरचं नाव लिहायचं असतं. इकडे धुकं उतरायला लागलेलं, पाळणाघर बंद व्हायची वेळ, आणि मॅडम डोक्यावर उभ्या. निशांत म्हणाला, कायले टेन्शन घेता ताई, नावांच्या जागी स्टार टाका अन् घरी जा. स्टार म्हणजे कोणीही. सगळे. मी टाकला आणि सगळं सुरळीत चालू झालं. सोमवारी नीट करीन.

सोमवार, ९ डिसेंबर

स्टार काढायला बसले, त्याआधी सवयीने नोंदी चाळल्या. शनिवार-रविवारी ते खातं एकाही डॉक्टरच्या नावाने वावरलेलं नाही. माझ्या नावाने वावरलंय. 'सगळे' मध्ये मीही आले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्याने उघडलेला कागद एकच, पुन्हा पुन्हा तोच. जाईचा. वय, वजन, शेंगदाण्याची ॲलर्जी, डाव्या कानामागचा तीळ, आईचं नाव, घरचा पत्ता.

अंगावर काटा आला. मग राग आला. स्टार टाका म्हणणारा निशांतच, नाही का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, म्हणून दिवसभर त्याचं तोंड निरखत बसले. पण तो आपला निवांत संत्री सोलत होता. मॅडमना सांगायचं तर आधी माझाच आळस चव्हाट्यावर येणार. गुपचूप स्टार काढला, खात्याचा पासवर्ड बदलला.

मंगळवार, १० डिसेंबर

स्टार परत आलाय. माझ्याच नावाने.

मॅडमनी बोलावून शाबासकी दिली. म्हणे, मी दुपारी पाठवलेला मेल फार समजूतदार होता. स्टार राहू द्यावा, सगळी जबाबदारी माझी, असं त्यात लिहिलेलं. किती गोड भाषा! ओळीओळीला 'जी'. मी जन्मात असं लिहिलं नाही. तो मेल गेला तेव्हा मी निशांतसोबत डबा खात होते. म्हणजे निशांतही नाही. मग कोण?

गुरुवार, १२ डिसेंबर

जाईला घ्यायला गेले तर बलजीत आंटी हसल्या. म्हणाल्या, तुम्हीच तर मघाशी घेऊन गेलात, विसरलात काय. मी जिना कसा चढले माहीत नाही.

जाई घरात होती. दूध पिऊन झालेलं. केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या. माझ्यासमोर ही पोर विंचरायला कधी धड बसत नाही. विचारलं, कोणाबरोबर आलीस. म्हणाली, तूच तर आणलंस. मग थोड्या वेळाने म्हणाली, आज तू अजिबात ओरडली नाहीस.

तिला पोटाशी धरून बसले. खूप भीती वाटतेय. आणि लाज वाटते लिहायला, पण त्या कोणाचा तरी हेवाही वाटला.

शुक्रवार, १३ डिसेंबर

क्लस्टर मला आत घेईना. पहिला नकार — तू कोण ते कळलं, परवानगी नाही. माझे हक्क कोणीतरी काढलेत. नोंदीत नाव माझंच.

शिशिरचा फोन आला. खुशीत होता. म्हणाला, सकाळी किती दिवसांनी छान बोललीस. मी सकाळी फोन केलेला नाही. तसं सांगितलं, तर म्हणाला, तुझं संशयाचं दुकान आता घरी उघडू नकोस. जाईला आजपासून पाळणाघरात ठेवत नाही. ऑफिसात घेऊन जाईन, मांडीवर बसवीन, पण —

सोमवार, १६ डिसेंबर

जाई टेबलाखाली चित्रं काढत बसली होती. निशांतला सगळं सांगितलं. तो हसला नाही. ते खातं त्याने तीनदा पुसलं. तीनदा परत आलं.

मग मलाच सुचलं. ते माझ्या नावाने वावरतं ना? मग माझं नावच ठेवायचं नाही. ज्या नावाचा माणूसच नाही, त्याच्या वतीने कोण काय करणार? निशांत नको म्हणत होता. म्हणाला, ताई, जरा थांबा, विचार करू. मी ऐकलं नाही. त्याच्याकडून माझं नाव कायमचं पुसून घेतलं.

घरी येताना जाई गाणं म्हणत होती. बरं वाटलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

चुकलं. फार मोठी चूक —

नाव पुसलं तरी जो आधीच आत शिरलाय, तो आतच राहतो. त्याला कोणी पुन्हा विचारत नाही. विचारतात फक्त दाराबाहेरच्याला. हे मी स्वतः आधीच्या नोकरीत नवीन पोरांना शिकवलंय. आणि आत ते होतं. बाहेर मी.

गेटवरच्या गार्डने अडवलं. दुसरा नकार — तू कोण तेच कळत नाही. निशांत समोरून गेला — हाक मारली — परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

माझा हात धरून उभी होती जाई. गार्डशी बोलेपर्यंत — हात रिकामा. गार्ड म्हणतो, बच्ची तो अपनी मम्मी के साथ गई.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जिन्यात बसलेय. आंटींनी विचारलं, किसके घर आए हो जी. वर आमच्या घरात हसू ऐकू येतंय. जाईचं. आणि माझं.

बेल वाजवली. जाईने दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं. घाबरली नाही. रडली नाही. मी तिला शिकवलंय, अनोळखी कोणी आलं तर आधी नाव विचारायचं. तिने नाव विचारलं.

मी तोंड उघडलं —

शिशिरचं आठवतं. जाईचं आठवतं. माझं —

थांबा म्हणाली. मम्मीला बोलावते म्हणाली, आणि आत गेली. लिहून बघते. हाताला तरी सवय असेल. मी — मी सौ. —

पावलं येतायत. साखळी काढतेय. तिलाच विचारते, तिला ठाऊक असेल, माझं नाव काय ते, आणि एकदाच फक्त जाईला माझ्या